टगबोट

हेक्टर मॉन्करची टगबोट
तीन वर्षं बंदरातच होती.
बंदर म्हणजे त्याच्या बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट,
खाली हिरवी मखमल, वर एक दिवा.

आर्ब्रोथला खरा समुद्र आहे, थंड आणि तिरसट.
आमचा समुद्र मात्र बागेतला, मांडीभर खोल,
मधे एक बेट, बेटावर हंसांचं जोडपं,
जे आम्हाला भाडेकरू समजतं.
दर रविवारी दहाला आम्ही जमतो:
पाच-सात म्हातारे, ऊना डॅलग्लीश,
आणि एक शाळकरी पोरगा,
ज्याच्या बॅटऱ्या आमच्यापेक्षा जास्त टिकतात.

हेक्टरही यायचा. रिकाम्या हातानं.
बाकावर बसून थर्मासातला चहा प्यायचा
आणि आमच्या शिडांना नावं ठेवायचा.
बोट कधी आणतोस?
"आज वारा फार."
"शेवाळ वाढलंय, पंख्यात अडकेल."
"हंसिणीनं अंडी घातलीत, कशाला उगाच."
आणि पाणी आरशासारखं असेल त्या दिवशी,
"छे, आज वाराच नाही."
टगबोटीला वारा लागत नाही.
आम्ही कोणी काही बोललो नाही.

ती बोट आकाराला येताना मी पाहिली होती.
लाकडाच्या पट्ट्या किटलीच्या वाफेवर धरून
तो बोटांनी वळवायचा, हळूहळू,
रुसलेल्या माणसाला वळवतात तशा.
चोवीसशे रिबिटं,
एकेक म्हणजे सुईच्या टोकानं ठेवलेला गोंदाचा थेंब.
दोरखंड म्हणजे शिवणाचा दोरा,
चहात बुडवून म्हातारा केलेला.
कडेचे टायर म्हणजे नळाचे वायसर. ते मीच दिले.
आणि छप्पर कायमचं चिकटवायच्या आदल्या रात्री
त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं, भिंग हातात दिलं:
आत, खलाशांच्या चुलीवर,
मोहरीएवढी एक किटली.

तळाला शिसं घालून त्यानं ती बाथटबात सोडली.
दाराबाहेर नॅन टॉवेल घेऊन तासभर उभी.
पाणी बरोबर लाल रेघेपाशी येऊन थांबलं.
हेक्टर टबाच्या काठावर हनुवटी टेकून
बघत राहिला, बघत राहिला,
मग बोट पुसली आणि कपाटात ठेवली.

ऑक्टोबरमधे ऊनाच्या शर्यतीच्या यॉटचं सुकाणू मेलं.
यॉट भरकटली, बेटाच्या लव्हाळ्यात घुसली,
आणि हंसानं तिच्याकडे पाहिलं.
क्लबचे रबरी बूट एकच जोड,
तोही गळका, मार्चपासून.
पोरगा म्हणाला, मी पोहत जातो. ऊना म्हणाली, गप्प बस.
एवढ्यात बाक रिकामा दिसला.
आम्हाला वाटलं, जेवायला गेला.

अर्ध्या तासानं तो टेकडीवरून उतरला
नातीची जुनी बाबागाडी ढकलत.
आत, लोकरीच्या पांघरुणात, टगबोट.

पाण्यात ठेवताना त्याचे हात एवढे थरथरत होते
की रिमोट पोरानंच धरला,
मग काढून घेतला हेक्टरनं.
ती निघाली. बुटकी, रुंद, घाई नसलेली,
पुढ्यात मिशीसारखी पांढरी लाट.
हंस फिस्कारला, तिनं ऐकलंच नाही.
नाक टेकवलं यॉटच्या पाठीला, आणि रेटलं.
नाही. मागे आली. पुन्हा.
लव्हाळा करकरला, आमच्यापैकी कोणी श्वास घेतला नाही,
आणि यॉट सुटली
लंगडत, आडवी, जिवंत.

टगच्या नाकावर लांबलचक ओरखडा,
त्यात ऊनाच्या यॉटचा पिवळा रंग.
ऊना म्हणाली, "अरेरे, हेक्टर."
त्यानं बाहीनं पुसून पाहिलं.
"उद्या रंगवतो," म्हणाला.

दोन वर्षं झाली. रंग डबीतच वाळला.
आता कोणाची बोट अडकली की
आम्ही हाक मारतो, तो थर्मास बाजूला ठेवतो,
आणि हल्ली बोटी जरा जास्तच अडकतात.

एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही.
ते तळातलं शिसं
मी बंदरावरच्या सार्वजनिक मुतारीतून काढलं होतं,
पाईप बदलताना.
शंभर वर्षं तिथं उभ्या राहिलेल्या
साऱ्या खलाशांना ठाऊक असलेलं शिसं.
म्हणूनच ती डगमगत नसावी.